मत्स्यपेटीखालचा तळहौद

आपल्या प्रयोगशाळेत खिडकीशेजारी ठेवलेल्या मत्स्यपेटीसमोर मधल्या सुट्टीत क्षणभर उभा राहिला नाही, असा विद्यार्थी शाळेत विरळाच सापडेल. सोनमाशांचे झुलते शेपूट पाहावयास सर्वांनाच आवडते. परंतु पेटीखालच्या कपाटाचे दार उघडून आत डोकावणारे फारच थोडे. त्या कपाटात अ‍ॅक्रिलिकचा एक हौद आहे आणि वरच्या माशांचे प्राण त्या हौदावर अवलंबून आहेत. इंग्रजीत त्याला सम्प म्हणतात. मराठीत ‘संप’ म्हटले की मुलांना सुट्टीची आशा वाटू लागते, म्हणून आम्ही त्याचे नाव ‘तळहौद’ असे ठेवले.

मी विज्ञानाची शिक्षिका नव्हे. मराठी व इतिहास हे माझे विषय, पदवीही कलाशाखेची. तथापि पेटीची देखभाल माझ्या वर्गाकडे होती आणि मासे मरत होते, म्हणून हा उद्योग मला शिकावा लागला. मासे मरत ते आमच्या हयगयीने नव्हे. आम्ही दर महिन्याला सारे पाणी उपसून टाकीत असू, खडे आणि स्पंज नळाखाली खळखळून धूत असू आणि पेटी आरशासारखी लख्ख करून पुन्हा भरीत असू. चार दिवसांत मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडमीट करू लागत, आणि आठवड्याच्या आत एखादा उलटा तरंगताना दिसे. मुले विचारीत, ‘‘बाई, एवढी स्वच्छता ठेवूनही असे का?’’ मला उत्तर देता येत नसे.

उत्तर पुढे ग्रंथांत सापडले. माशाच्या कल्ल्यांवाटे आणि मलमूत्रातून अमोनिया पाण्यात उतरतो व तो माशाला विषारी असतो. विशिष्ट जातीचे जंतू या अमोनियाचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जंतू त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात आणि ते बेताच्या प्रमाणात मासा सहन करू शकतो. १८९०च्या सुमारास सेर्गेई विनोग्राडस्की या शास्त्रज्ञाने मातीतील असे जंतू वेगळे करून दाखविले. हे जंतू पाण्यात मोकळे हिंडत नाहीत. खड्यांवर, स्पंजाच्या छिद्रांत, जेथे बूड टेकावयास जागा मिळेल तेथे चिकटून वस्ती करतात. त्यांची वस्ती नीट बसण्यास चार ते सहा आठवडे लागतात. आम्ही ती दर महिन्याला नळाखाली धुऊन काढीत होतो! नळाच्या पाण्यात क्लोरीन असते व ते घालतात तेच मुळी जंतू मारण्यासाठी. शहराला ते आवश्यकच आहे. परंतु जंतूंच्या वसाहतीवर आणि माशांच्या कल्ल्यांवर त्याचा घाला पडतो.

तेव्हा उपाय असा, की जंतूंना प्रशस्त जागा द्यावी आणि पेटीतील पाणी तिच्यावरून अखंड फिरवावे. ही कल्पना नवी नाही. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. पुढे १८७१ साली तेथील क्रिस्टल पॅलेसमध्ये जे मत्स्यालय झाले, त्याची रचना विल्यम आल्फर्ड लॉइड याने केली. दर्शनी टाक्यांत मावेल त्याच्या कित्येक पट पाणी त्याने खालच्या अंधाऱ्या हौदात साठविले आणि यंत्राने ते वर-खाली खेळते ठेवले. आपला तळहौद म्हणजे त्याच हौदाचे छोटे भावंड होय.

आता रचना पाहू. वरची पेटी आतून ९० सेंटिमीटर लांब, ४० रुंद आणि ४० उंच आहे. पाणी ३६ सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे सुमारे १३० लिटर. एका कोपऱ्यात उभी नळी आहे. पाणी तिच्या तोंडावर चढले की आपल्याच भाराने खाली तळहौदात उतरते. तळहौद आतून ६० लांब, ३० रुंद आणि ३५ उंच. त्यात आडव्या भिंती घालून तीन दालने केली आहेत. पहिल्यात कापडी पिशवी असून तीत विष्ठा व अन्नाचे कण अडकतात. ही मात्र आठवड्यातून दोनदा धुवावी. दुसऱ्या दालनात जंतूंची वस्ती. बाजारात तिच्यासाठी चिनी मातीची सच्छिद्र कडी मिळतात. आम्ही मंगलोरी कौलांचे तुकडे करून घातले. भाजलेल्या मातीत बारीक छिद्रे असतात, आणि कौले फुकट मिळाली. तिसऱ्या दालनात पंप. दुसऱ्या व तिसऱ्या दालनांमध्ये पाण्याला एका भिंतीवरून, दुसरीच्या खालून आणि तिसरीवरून असे जावे लागते, म्हणजे वाटेतले बुडबुडे वर निघून जातात व पंपात हवा शिरत नाही. पंप ताशी आठशे ते हजार लिटर पाणी वर चढवितो. उतरणारी नळी चढणाऱ्या नळीपेक्षा जाडच हवी, नाही तर वरची पेटी भरून वाहील.

अ‍ॅक्रिलिकच का, असे कोणी विचारील. मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयात (हे १९५१ साली सुरू झाले) २०१५च्या नूतनीकरणात अ‍ॅक्रिलिकचा बोगदा बसविला, तो पाहून आलेल्या एका मुलाने हे नाव प्रथम वर्गात काढले. अ‍ॅक्रिलिक काचेच्या निम्म्याहून कमी वजनाचे असते, पडले तर काचेसारखे ठिकऱ्या होत नाही आणि नामफलक बनविणाऱ्यांच्या दुकानी हव्या त्या मापात कापून मिळते. चरा मात्र चटकन पडतो. आम्ही ६ मिलिमीटर जाडीचे घेतले. येथे मापांत फसगत होते: आतून ६० व ३० हवे म्हणून तळाचा तुकडा ६१.२ आणि ३१.२ सेंटिमीटरचा लागतो, कारण दोन्ही बाजूंच्या भिंतींची जाडी त्यावर बसावयाची असते. पहिल्या खेपेस आम्ही जाडी विसरलो आणि एक तुकडा वाया गेला. तो आता फळ्याखाली खडू ठेवण्याच्या कामी आला आहे.

जोडकाम डिंक लावून चिकटवावे तसे नसते. कडा पॉलिश पेपरने सपाट करावयाच्या, तुकडे काटकोनात उभे करून चिकटपट्टीने बांधावयाचे आणि पाण्यासारखा पातळ द्रावक सुईच्या पिचकारीने सांध्यावर सोडावयाचा. तो आपोआप फटीत ओढला जातो, दोन्ही पृष्ठभाग किंचित विरघळवितो आणि उडून जातो. मागे दोन तुकड्यांचा एकच तुकडा उरतो. सांध्यात पांढुरकी टिकली दिसली तर तेथे हवा राहिली असे समजावे. या द्रावकाची वाफ अपायकारक असते. हे काम मुलांनी करू नये. मोठ्यांनी, तेही उघड्यावर करावे. आमचे आम्ही शाळेच्या मागच्या अंगणात केले. दोन दिवस वाळू दिले. पाण्याचा दाब खाली अधिक, तरी भिंती फुगतात त्या वरच्या मोकळ्या कडेशी. म्हणून माथ्यावर दोन आडव्या पट्ट्या जोडल्या. मग हौद वर्तमानपत्रावर ठेवून काठोकाठ भरला. दुसऱ्या दिवशी कागद कोरडा होता. मुलांनी टाळ्या वाजविल्या, मलाही धन्य वाटले.

हा आनंद तीन आठवडे टिकला. एका शनिवारी सायंकाळी वीज गेली, शाळा बंद होती. सोमवारी दार उघडले तेव्हा जमिनीवर पाणी, पंप जळालेला आणि सातांपैकी तीन मासे मेलेले.

काय झाले होते ते मुलांनीच हिशेबाने शोधून काढले. पाणी वर नेणाऱ्या नळीचे तोंड आम्ही पेटीत १५ सेंटिमीटर खोल बुडविले होते, कारण तसे दिसावयास बरे वाटे. पंप थांबताच तीच नळी उलटी वाहू लागली. पेटीतील एक सेंटिमीटर पाणी म्हणजे ३.६ लिटर, तेव्हा १५ सेंटिमीटर म्हणजे ५४ लिटर खाली आले. तळहौदात एक सेंटिमीटरला १.८ लिटर लागते आणि आम्ही वर फक्त १० सेंटिमीटर रिकामे ठेवले होते, म्हणजे १८ लिटरांची जागा. उरलेले ३६ लिटर जमिनीवर गेले. वीज परत आल्यावर पंपाने आपल्या दालनातले पाणी वर ओढले. पेटी इतकी उतरली होती की खाली काहीच परत येईना. पंप कोरडा फिरून जळाला आणि खेळते पाणी थांबल्याने माशांना प्राणवायू अपुरा पडला.

मी गोव्याची, घरी कोंकणी बोलणारी. तेथे खाड्यांच्या काठी बांध घालून खाजन शेती करतात. बांधात मानस नावाचा लाकडी दरवाजा असतो. भरतीच्या दाबाने तो आपोआप मिटतो, ओहोटीला उघडतो. दार मिटलेले असताना शेतातले पाणी बाहेर जाऊ शकत नाही, म्हणून मानशीच्या आत सखल भाग राखलेला असतो, त्याला पोंय म्हणतात. लहानपणी मला वाटे, एवढी जमीन उगीच का सोडली? त्या सोमवारी फरशी पुसताना ती आठवण झाली. तळहौदातली रिकामी जागाही अशीच राखावयाची असते, आणि आम्ही नेमकी तिच्यातच कंजुषी केली होती.

आता नळीचे तोंड पाण्याखाली अवघे ३ सेंटिमीटर आहे. त्याच्या किंचित वर नळीला एक बारीक छिद्र पाडले आहे. पाणी उतरताच तेथून हवा शिरते आणि उलटा प्रवाह तुटतो. छिद्रात शेवाळ धरते, म्हणून दर सोमवारी ते काडीने साफ करावे लागते. तळहौदातले पाणी २० सेंटिमीटरवर ठेवतो. वीज गेली तर पेटीतून सुमारे ११ आणि नळ्यांतून एक, असे १२ लिटर खाली येते, म्हणजे पातळी सुमारे ७ सेंटिमीटर चढते. ३० सेंटिमीटरवर लाल रेघ काढली आहे. विजेच्या तारेला खाली झोळ दिला आहे, म्हणजे थेंब ओघळला तरी खटक्यापर्यंत पोचत नाही. महिन्यातून एकदा सर्वांसमोर मुद्दाम बटण बंद करून पाहतो.

नायट्रेट साचते ते कमी करण्यासाठी आठवड्याला २५ लिटर पाणी बदलतो. नव्या पाण्यातील क्लोरीन आधी थायोसल्फेटच्या खड्याने घालवितो. काढलेले पाणी कुंड्यांना जाते. आपले नळाचे पाणी नर्मदेवर जलूद येथून पंपांनी उचलून आणलेले असते. १९७० साली त्यासाठी इंदूरकरांनी आंदोलन केले होते, हे वरच्या वर्गातील मुलांच्या आजोबांना आठवत असेल. ते गटारीत ओतणे मनाला पटत नाही. कौलांचे तुकडे धुवावयाचे झाल्यास याच काढलेल्या पाण्यात हलकेच विसळावेत, नळाखाली कधीही नाही.

परवा दुपारी तासिका चालू असतानाच वीज गेली. चार मुले परवानगी न घेता कपाटाकडे धावली; मी रागावले नाही. पाणी चढत चढत लाल रेघेच्या दीड बोट खाली येऊन थांबले. मासे अजून चारच आहेत. नवे आणावयाचे ते कौलांवरची वस्ती पुरती बसल्यावर, निदान महिन्याभराने.