तेच राक्षस पुन्हा पुन्हा का मारायचे?

ऑनलाइन रोल-प्लेइंग गेमचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘कंपनीला महिन्याची फी हवी असते, म्हणून दुधात पाणी घालावं तसा हे लोक गेममध्ये ग्राइंड घालतात.’ वर्षानुवर्षं खेळणारेही हे म्हणतात आणि गेमला कधी हात न लावलेले पालकही. ऐकायला पटतंच. ग्राइंड म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा: तीच वीस रानडुकरं मारा, तेच खनिज शंभरदा खणा, तोच बॉस दर आठवड्याला पाडा. यात लोभ सोडून दुसरं काय असणार? पण या गेमचा इतिहास उघडून पाहिला की हे वाक्य पहिल्याच पानावर अडतं.

या प्रकारच्या गेमचा पूर्वज म्हणजे ‘मड’. इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्यानं १९७८ मध्ये तो लिहायला घेतला आणि पुढे रिचर्ड बार्टल यांनी तो वाढवला. पडद्यावर फक्त अक्षरं, चित्र एकही नाही. महिन्याची फी नाही, कंपनी नाही, भागधारक नाहीत. तरीही त्यात लेव्हल होत्या, आणि वरच्या प्रत्येक लेव्हलला साधारण दुप्पट गुण लागत. ही पद्धत आली होती १९७४ च्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मधून, म्हणजे कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन टेबलाभोवती खेळायच्या खेळातून. वसूल करायला फी नव्हती तेव्हाही ग्राइंड होता. मग फी हे त्याचं मूळ कारण कसं?

खरं कारण आधी साध्या हिशेबात सापडतं. नवा प्रदेश, नवी कथा, नवे बॉस तयार करायला शेकडो माणसांना महिनोन्‌महिने लागतात. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ नोव्हेंबर २००४ मध्ये आला आणि त्याचा पहिला मोठा विस्तार जानेवारी २००७ मध्ये. दोन वर्षांहून जास्त काळाचं काम. त्यातल्या नव्या दहा लेव्हल एका खेळाडूनं दीड दिवसाच्या आत संपवल्या. कादंबरी संपली तर वाचक ती मिटून ठेवतो. इथे मात्र जग चालूच राहायचं असतं आणि त्यात हजारो लोक एकाच वेळी वावरत असतात. एकदाच वापरायच्या मजकुरावर असं जग चालवायचं तर लिहिणाऱ्यांचा वेग खेळणाऱ्यांच्या वेगाइतका हवा. तो कुणाचाच नसतो.

दुसरं कारण ‘अल्टिमा ऑनलाइन’नं १९९७ मध्ये दाखवून दिलं. रिचर्ड गॅरियट आणि त्यांच्या चमूनं त्यात खरं जंगल उभं करायचं ठरवलं होतं. हरणं गवत खाणार, लांडगे हरणं खाणार, शिकार कमी झाली की हिंस्र प्राणी वस्तीकडे वळणार. मग खेळाडू आत आले आणि दिसेल ते मारत सुटले. प्राणी जन्माला यायच्या आत संपू लागले आणि सगळी परिसंस्था कोलमडली. अखेर ती काढून टाकावी लागली. हजारो जण एकाच रानात उतरणार असतील तर मेलेला राक्षस काही मिनिटांत परत उभा राहिलाच पाहिजे, नाहीतर उशिरा आलेल्याला मारायला काही उरत नाही. आणि तो परत उभा राहणार म्हटलं की तोच पुन्हा मारणं ओघानंच आलं.

तिसरं कारण म्हणजे मोल. जी वस्तू पाच मिनिटांत मिळते तिला बाजारात भाव नसतो आणि ती अंगावर घालून मिरवण्यातही अर्थ नसतो. ‘रूनस्केप’चा हिशेब पाहा. त्यात एखादं कौशल्य ९९ व्या लेव्हलपर्यंत न्यायला १,३०,३४,४३१ एक्सपी (अनुभवाचे गुण) लागतात. ९२ व्या लेव्हलला तुमच्याकडे जमतात ६५,१७,२५३, म्हणजे कसेबसे निम्मे. एक्याण्णव पायऱ्या चढून आलात तरी निम्मा रस्ता शिल्लक, आणि तो उरलेल्या सात पायऱ्यांत. हे क्रूर वाटेल, पण ९९ ची केप पाठीवर असलेला माणूस गर्दीत ओळखू येतो तो याच हिशेबामुळे.

यावरही कुणी म्हणेल, की खेळाडूंचा नाइलाज असतो, ते कंपनीपुढे मान तुकवतात. तर मग २०१३ कडे पाहा. ‘रूनस्केप’च्या कंपनीनं २००७ सालचं जुनं, संथ रूप परत आणायचं का, असं विचारलं आणि साडेचार लाखांच्या आसपास मतं पडली. ते ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’ आजही जोरात आहे. २०१९ मध्ये ‘वॉरक्राफ्ट क्लासिक’ आला. एकाच फीमध्ये नवा सोपा गेम आणि जुना वेळखाऊ गेम असे दोन्ही मिळत होते. तरी जुन्याच्या सर्व्हरबाहेर रांगा लागल्या.

त्याहून बोलकं उदाहरण ‘गिल्ड वॉर्स’चं. २००५ चा हा गेम एकदा विकत घेतला की महिन्याची फी नाही आणि लेव्हलची मर्यादा फक्त २०. सुरुवातीच्या प्रदेशातून खेळाडूनं लवकर पुढे जावं, अशी रचना. काही जणांनी मात्र तिथेच थांबून विसावी लेव्हल गाठायची ठरवली. तिथले राक्षस इतके दुबळे, की एका टप्प्यानंतर त्यांना मारून काहीच एक्सपी मिळेना. मग खेळाडू स्वतः त्यांच्या हातून पुन्हा पुन्हा मरू लागले, कारण खेळाडूला मारलं की राक्षसाची लेव्हल वाढायची. राक्षस पुरेसा मोठा झाला की त्याला मारायचं. हा ग्राइंड कंपनीनं आखलेला नव्हता. या चिकाटीसाठी तिनं पदवी दिली ती नंतर. ‘कंपनी पाणी घालते’ असं ठणकावून सांगणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

याचा अर्थ कंपन्या साळसूद आहेत, असा मुळीच नाही. ग्राइंड असावा हे या जगाची रचना ठरवते. तो किती असावा हे बऱ्याचदा पैसा ठरवतो. आणि इथे उलटी गोष्ट लक्षात घ्यायला हवी. महिन्याच्या फीवर चालणाऱ्या कंपनीला तुम्ही दोन तास खेळा की वीस, तेवढेच पैसे मिळतात. उलट ‘वॉरक्राफ्ट’च्या चाचणीच्या काळात जास्त वेळ सलग खेळलं की एक्सपी निम्मे होत. लोक चिडले. मग निर्मात्यांनी आकडे जवळपास तसेच ठेवून नावं बदलली: विश्रांती घेऊन आलेल्याला २०० टक्के, बाकीच्यांना नेहमीचे १०० टक्के. तक्रार थांबली. हा किस्सा मुख्य डिझायनर रॉब पार्डो यांनी स्वतः जाहीरपणे सांगितला आहे.

खरा धोका आहे तो ‘फुकट’ गेममध्ये. ग्राइंड मुद्दाम असह्य करायचा आणि तो टाळायचं औषध दुकानात विकायचं, हा धंदा तिथे चालतो. ज्या गेमकडे बोट दाखवायला हवं ते सोडून लोक महिन्याच्या फीवर घसरतात, याचा मला राग येतो.

आता काही किरकोळ गैरसमज.

‘शंभरात एक शक्यता आहे, म्हणजे शंभर वेळा मारलं की वस्तू मिळणारच.’ नाही. शंभरदा मारूनही सुमारे ३७ टक्के लोक रिकाम्या हातानं परततात. एकशे एकाव्या वेळी शक्यता पुन्हा शंभरात एकच.

‘ग्राइंड करतो तो व्यसनीच.’ जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्ये ‘गेमिंग डिसऑर्डर’साठी खेळण्यावरचा ताबा सुटणं, इतर सगळ्या गोष्टी मागे पडणं, नुकसान दिसत असूनही खेळत राहणं आणि साधारण बारा महिने असंच चालणं, या अटी आहेत. नुसते तास मोजून निदान होत नाही.

‘हा पोरासोरांचा खेळ.’ निक यी यांनी २००० नंतरच्या दशकात केलेल्या सर्वेक्षणांत खेळाडूंचं सरासरी वय २६ च्या आसपास निघालं.

‘बॉट लावला तर कुणाचं काय जातं?’ सगळ्यांचं जातं. बॉट म्हणजे माणसाऐवजी आपोआप खेळणारा प्रोग्रॅम. न थकता खणणारा बॉट बाजारात माल ओततो आणि हातानं खणणाऱ्याच्या कष्टाचा भाव पडतो.

‘गोल्ड फार्मिंग म्हणजे चार पोरांचा उद्योग.’ मँचेस्टर विद्यापीठाचे रिचर्ड हीक्स यांनी २००८ मध्ये अंदाज मांडला, की जगभरात सुमारे चार लाख माणसं गेममधलं सोनं जमवून विकण्यावर पोट भरतात.

म्हणून एखादा गेम चांगला की वाईट हे ठरवताना त्यात ग्राइंड आहे का, हे विचारण्यात अर्थ नाही, तो असणारच. विचारायचं ते एवढंच: ग्राइंड टाळण्याची सोय तोच गेम पैसे घेऊन विकतो का? आणि ती विकत घेतली नाही तरी खेळण्यात मजा उरते का? पालकांनी मुलाला हे दोन प्रश्न विचारावेत. मूल त्यांची उत्तरं नीट देऊ शकतं, आणि ‘बंद कर ते’ म्हणण्यापेक्षा त्यातून दोघांनाही जास्त कळतं.