कोलाडचे स्टेशनमास्तर व्हा!

घरातील वडीलधाऱ्यांची काळजी घेताना एक गोष्ट आपल्या नकळत घडत असते. बँकेचे व्यवहार मुलगा पाहू लागतो, औषधांचा डबा सून भरून ठेवते, आमटीत मीठ किती घालायचे ते डॉक्टर सांगतात आणि संध्याकाळी कोणती वाहिनी लावायची हे नातवंडे ठरवतात. हे सारे प्रेमापोटीच होते. परंतु सत्तरी ओलांडलेल्या माणसाला दिवसभरात स्वतःहून घ्यावा असा एकही निर्णय उरत नाही. ‘डॉक्टर, वेळ जात नाही,’ ही दवाखान्यात वारंवार ऐकू येणारी तक्रार पुष्कळदा वेळेची नसते; ‘माझ्यावाचून काही अडत नाही,’ ही त्यामागची खरी व्यथा असते.

अशा वेळी निर्णय घेण्यास लावणारा एखादा छंद फार उपयोगी पडतो. आपल्या भागातील रेल्वेची छोटी, चालती प्रतिकृती घरी उभारणे हा तसाच एक छंद आहे. त्याने स्मृतिभ्रंश टळतो किंवा रक्तदाब उतरतो, असे मी म्हणणार नाही. मात्र बोटांना काम, डोक्याला कोडे, घरात बोलायला विषय आणि उद्यासाठी शिल्लक राहिलेले काहीतरी, एवढे त्यातून निश्चित मिळते. हे कुठवर नेता येते ते पाहायचे असेल, तर पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय अवश्य पाहावे. ते १९९८ साली खुले झाले. मात्र ते पाहून दिपून जाऊ नये. आपल्याला एकच स्टेशन उभारायचे आहे.

कोणती रेल्वे निवडावी?

रायगडकरांना प्रथम नेरळ–माथेरानची गाडी आठवते. १९०७ साली सुरू झालेली ही दोन फुटी रुळांची रेल्वे मोहक आहे खरी. परंतु तिच्या मापाचे रूळ व इंजिने सहज मिळत नाहीत आणि डोंगरातील वळणे नवख्याला दमवतात. पहिल्या प्रयत्नासाठी कोकण रेल्वे अधिक सोयीची.

किनाऱ्यावरच्या वाचकांचे या मार्गाशी नाते वेगळे आहे. पेणहून थळच्या खत कारखान्यापर्यंत मालगाडीचे रूळ गेले. अलिबागकर मात्र प्रवासी गाडीची वाटच पाहत राहिले. मुरूडकरांनी एसटीने रोहा गाठले, श्रीवर्धनकरांनी माणगाव. त्यामुळे आपल्याकडच्या ज्येष्ठांच्या आठवणीत रेल्वे म्हणजे लाल एसटी, तिच्यातून उतरवलेली बोचकी आणि फलाटावरची प्रतीक्षा. प्रतिकृतीत हे सारे यावे.

उदाहरणासाठी मी कोलाड निवडतो. रोह्याला मध्य रेल्वेची हद्द संपून कोकण रेल्वे सुरू होते. रोहा–वीर हा टप्पा १९९३ साली सुरू झाला आणि संपूर्ण मार्ग १९९८ च्या प्रजासत्ताकदिनी खुला झाला. पुढच्याच वर्षी कोलाडहून ‘रो-रो’ सेवा सुरू झाली. भरलेले ट्रक चालकांसह सपाट वाघिणींवर चढवून ते गोव्याकडे जाऊ लागले. खेळण्यातले ट्रक वाघिणीवर चढवायला नातवंडे आनंदाने येतील.

काळही ठरवून घ्यावा. २०२१ मध्ये रोहा–वीर मार्ग दुहेरी झाला आणि २०२२ मध्ये कोकण रेल्वेचे विद्युतीकरण पूर्ण झाले. आपण २००० सालच्या आसपासचे कोलाड निवडले, तर एकेरी रूळ आणि डिझेल इंजिन एवढ्यावर भागते. खांब आणि वरच्या तारा उभारण्याचे किचकट काम वाचते.

माप: हाताला झेपेल तेच

छोट्या रेल्वेची मापे अनेक आहेत. ‘एन’ हे माप १:१६० चे. त्याचे रूळ अवघे ९ मिलिमीटर रुंद असतात. जागा कमी लागते, पण कंप पावणाऱ्या बोटांना ते डबे रुळावर ठेवणे जड जाते. ज्येष्ठांनी १:८७ चे ‘एचओ’ माप घ्यावे. त्याचे रूळ १६.५ मिलिमीटरचे असतात. आपला १,६७६ मिलिमीटरचा ब्रॉडगेज काटेकोरपणे १९ मिलिमीटरच्या पुढे जाईल; हा फरक खुशाल सोडून द्यावा. भारतीय गाड्यांच्या प्रतिकृती कमी मिळतात, म्हणून प्रारंभी परदेशी इंजिनही चालेल. गाडी रुळावर चढवण्यासाठी प्लॅस्टिकची उतरती पट्टी मिळते, ती आवर्जून घ्यावी.

आता थोडा हिशेब. रोहा ते वीर ४७ किलोमीटर; या मापाने ते सुमारे ५४० मीटर होतात. वीस डब्यांची गाडी जवळजवळ पाच मीटर लांब होईल. म्हणून एक स्टेशन, एक इंजिन आणि दोन डबे. ही गाडी साधारण ७० सेंटिमीटरमध्ये बसते.

आधी खुर्ची, मग रूळ

बहुतेक नवखे आठ बाय चार फुटांची फळी भिंतीला लावून त्यावर गोल रूळ मांडतात. मग पलीकडच्या कडेला डबा घसरला, की वडील स्टुलावर चढतात. कमरेचे हाड मोडण्यास एवढे निमित्त पुरते. बसल्या जागेवरून हात आरामात पोचतो तो सुमारे दोन फूट. म्हणून फळीची रुंदी दीड फूटच ठेवावी. लांबी दहा फूट, पाच-पाच फुटांच्या दोन तुकड्यांत. उंची अशी, की खुर्चीत बसल्यावर गुडघे फळीखाली मोकळे राहतील आणि खांदे उचलावे लागणार नाहीत. चाकांची खुर्ची असल्यास तिचे हात खाली जातात का, हे आधी मोजावे.

एवढ्या जागेत हा आराखडा बसतो: मधोमध कोलाडचा फलाट, मुख्य मार्ग आणि त्याला समांतर असा गाडी थांबवण्याचा लूप. त्यासाठी दोन सांधे लागतील. तिसरा सांधा रो-रोच्या सायडिंगसाठी. डावे टोक रोह्याकडचे, उजवे माणगावकडचे. दोन्हीकडे एकेक गाडी मावेल इतकी, तीन-तीन फूट जागा सोडावी. लूपची वीज तोडणारे एक बटण बसवले, की लूपमध्ये एक गाडी उभी करून दुसरीला वाट देता येते. कोकण रेल्वेच्या प्रवाशाने तासन्‌तास अनुभवलेले ‘क्रॉसिंग’ ते हेच! कोणाला आधी सोडायचे, हा निर्णय आता आपल्या हाती.

किनाऱ्यावरची हवा

आपल्याकडची दमट, खारी हवा लाकूड फुगवते आणि लोखंड गंजवते. मरीन प्लाय वापरून त्याच्या कडाही रंगवाव्यात. पोलादाऐवजी निकेल-सिल्व्हरचे रूळ घ्यावेत. समुद्रकिनाऱ्यावरची वाळू वापरू नये. तिच्यातले मीठ ओल धरते. रूळ पुसण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल औषधाच्या दुकानात मिळते. खिडकी उघडी ठेवून आणि देवघरातील दिव्यापासून दूर ते वापरावे. झाडांसाठी वाळलेल्या घोसाळ्याची जाळी हिरवी रंगवावी, जमिनीसाठी चाळून उन्हात तापवलेली लाल माती. पावसाळ्यात फळीवर कापड घालावे.

प्रकृतीनुसार पथ्ये

मधुमेह असल्यास: पायाची संवेदना कमी झालेली असू शकते आणि मग खाली पडलेली टाचणी कळत नाही. चप्पल घालूनच बसावे आणि रोज तळवे पाहावेत.

रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास: कटर दुसऱ्याने चालवावा. कापल्यास दहा मिनिटे सलग दाबून धरावे. तरीही रक्त न थांबल्यास डॉक्टरांकडे जावे.

दमा वा जुनाट खोकला असल्यास: फवाऱ्याचा रंग, करवतीचा भुसा आणि तापलेल्या तारेने थर्मोकोल कापणे टाळावे. पहिल्या प्रतिकृतीत डाख देण्याऐवजी तारा जोडणारे तयार क्लिप वापरावेत. डाखाचा धूरही नको, भाजणेही नको.

पेसमेकर असल्यास: ट्रान्सफॉर्मर छातीजवळ धरू नये. डाख देण्याची गन वापरायची झाल्यास आधी आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारावे.

दृष्टी: दुहेरी भिंगाच्या चष्म्यातून जवळचे काम करताना मान मागे जाते आणि दुखते. त्या अंतरासाठी स्वतंत्र चष्मा करून घ्यावा, उजेड भरपूर असावा आणि दर अर्ध्या तासाने उठून चार पावले टाकावीत.

रुळांना १२ व्होल्टचा वीजप्रवाह पुरतो. चांगल्या प्रतीचा तयार कंट्रोलर घ्यावा आणि वायर पायवाटेत येऊ देऊ नये. घरात लहान मूल असेल तर बटणासारख्या बॅटऱ्या व चुंबके कुलपात ठेवावीत. गिळलेली बटण-बॅटरी दोन तासांत अन्ननलिका जाळू शकते. शंका आली तरी थेट रुग्णालय गाठावे.

घरातल्या मंडळींना

फळी कापणे, प्लग लावणे, खाली वाकून तारा जोडणे ही आपली कामे. स्टेशन कोणते, काळ कोणता, गाडी किती वाजता सुटणार, हे वडिलांनी अथवा आईनेच ठरवायचे. स्टेशनमास्तर केवळ पुरुषच असतो असे कोणी समजू नये. ऑनलाइन सारे मागवून एका रविवारी जोडून टाकण्याचा मोह आवरावा. मग त्यांच्यासाठी केवळ पाहणे उरेल.

स्मरणशक्ती कमी होत असलेल्या व्यक्तीला ‘हे स्टेशन कोणते, सांगा बरे?’ अशी परीक्षा घेऊ नये. उत्तर आले नाही, तर त्या ओशाळतात. त्याऐवजी ‘येथे एसटी कुठे उभी करू?’ असे विचारावे. एका वेळी एकच काम सांगावे. सांगितलेली आठवण वस्तुस्थितीशी जुळली नाही, तरी दुरुस्त करण्याची घाई नको. फलाटावर चहावाला चुकीच्या बाजूला बसला, म्हणून काही बिघडत नाही.

या पंधरवड्यात खरेदी काहीच करू नका. चौकटीच्या वहीचे पान, पट्टी आणि पेन्सिल घ्या. ज्येष्ठांना त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत बसवून हात कुठवर पोचतो ते मोजा आणि तो आकडा पानाच्या माथ्यावर लिहा. मग पेन्सिल त्यांच्या हाती देऊन विचारा, ‘फलाट कोणत्या बाजूला घ्यायचा?’