आलें केव्हां घालावें ?

दूध-साखर घालून चहा मंद आंचेवर ठेवलेला असतो आणि तेवढ्यांत कोणाला तरी आल्याची आठवण होते. घाईघाईनें बोटाच्या पेराएवढा तुकडा किसून पातेल्यांत टाकला जातो, आणि थोड्याच वेळांत चहावर दुधाच्या कण्या तरंगूं लागतात. मग दूधवाल्याचा उद्धार होतो. भांडें नीट धुतलें नव्हतें असा आरोपही घरांतल्या घरांत होतो. पुष्कळ वेळां दूध ताजें असतें आणि भांडेंही स्वच्छ असतें. चूक असते ती आलें घालण्याच्या वेळेची.

आलें किती घालावें याचा विचार बहुतेक घरांतून होतो; केव्हां घालावें याचा मात्र क्वचितच होतो. लवंग किंवा दालचिनी जरा आधीं पडली काय आणि जरा उशिरां पडली काय, तिची ओळख बुजत नाहीं. आल्याची गोष्ट निराळी आहे. कच्चें आलें, शिजलेलें आलें आणि वाळलेलें आलें म्हणजे सुंठ, हे चवीच्या दृष्टीनें जवळजवळ तीन स्वतंत्र पदार्थ आहेत. एकाचें काम दुसऱ्याकडून करून घेतल्यास जेवण अडत नाहीं, पण ज्या चवीसाठीं आलें विकत आणलें ती चव ताटापर्यंत पोंचत नाहीं.

भाषेनें हा भेद केव्हांच ओळखला होता. संस्कृतांत ओल्या आल्यास आर्द्रक, म्हणजे ‘ओलें’, असें नांव आहे. मराठींतील ‘आलें’ हें त्याचेंच झिजून लहान झालेलें रूप. वाळलेल्यास शुंठी म्हणत. तिची मराठींत सुंठ झाली. ‘विश्वभेषज’, म्हणजे सर्वांवरचें औषध, हें भारदस्त बिरूद वैद्यांनीं दिलें तें सुंठीला. खोकला गेल्याची म्हण आहे तीही सुंठीवाचून गेल्याची. आल्यावाचून गेला असें कोणी म्हणत नाहीं.

आल्यास सर्रास मूळ म्हटलें जातें, परंतु तें मूळ नव्हे. जमिनीखालीं आडवें वाढणारें तें खोड आहे. त्यावर पेरें असतात, पेरांवर पातळ खवले असतात आणि जागोजाग डोळे असतात. मुळांना असे डोळे नसतात. हळद आणि वेलदोडा हीं त्याचीं कुळांतील भावंडें होत.

ताज्या आल्याचा तिखटपणा मुख्यतः जिंजेरॉल नांवाच्या द्रव्यापासून येतो. आलें वाळवलें म्हणजे या द्रव्याच्या घटनेंतून पाण्याचा अंश निघून जातो आणि त्यापैकीं कांहीं भागाचें शोगाओल बनतें. हें जिंजेरॉलपेक्षां अधिक तिखट असतें. सुंठीची चिमूटभर पूड घसा तापवते ती यामुळें. याउलट आलें पदार्थांत शिजूं दिलें तर जिंजेरॉलचा कांहीं भाग मोडून झिंजेरोन तयार होतें. तें सौम्य आणि किंचित् गोडसर वासाचें असतें. झिंजेरोन हें द्रव्य जपानी रसायनशास्त्रज्ञ हिरोशी नोमुरा यांनीं इ. स. १९१७ मध्यें विद्वानांपुढें मांडलें. शोगाओल या नांवांतील ‘शोगा’ हा तर आल्याचा जपानी शब्दच आहे. तिखटपणाखेरीज आल्यास जो सुवास आहे तो उडून जाणाऱ्या तेलाचा. आलें उकळतांना घरभर जो घमघमाट सुटतो तो मनाला सुखावतो खरा, पण जेवढा तो घरभर पसरतो तेवढा पातेल्यांतून उणा होतो, हें लक्षांत ठेवलें पाहिजे.

आतां दुधाचें कोडें. कच्च्या आल्याच्या रसांत प्रथिनें तोडणारें एक पाचक द्रव्य असतें; त्यास झिंजिबेन म्हणतात. कच्च्या पपईच्या चिकांत असतें त्याच प्रकारचें हें द्रव्य. दुधांतील केसिन नांवाचें प्रथिन त्याच्या तावडींत सांपडलें कीं दूध गोठूं लागतें. सुमारें ६० अंश सेल्सिअसच्या उष्णतेंत त्याचा जोर फार असतो, आणि उकळत्या पाण्यांत तें लवकरच निकामी होतें. म्हणून चहाची रीत सोपी आहे. आलें ठेचून प्रथम पाण्यांत घालावें, पाणी दोन-तीन मिनिटें खळखळून उकळूं द्यावें, मग चहाची पूड टाकावी आणि दूध सर्वांत शेवटीं घालावें. तेंही तापवलेलें असावें. रात्रीं खोकल्यासाठीं आल्याचें दूध करतात त्यालाही हाच क्रम लागू आहे. आल्याचा कच्चा रस कोमट दुधांत पिळणें म्हणजे दूध मुद्दाम नासवणें होय.

गंमत अशी कीं, येथें ज्याला अपघात समजतात त्याचेंच चीनमधील ग्वांगडोंग प्रांतांत पक्वान्न झालें आहे. शावान नांवाचें गांव त्यासाठीं प्रसिद्ध आहे. वाटींत ताज्या आल्याचा रस घेतात, साखर घातलेलें दूध तापवून साधारण ७० अंशांवर आणतात आणि तें उंचावरून एका दमांत त्या रसावर ओततात. ढवळत मुळींच नाहींत. कांहीं मिनिटांत खरवसाची आठवण व्हावी अशी मऊ, थरथरती खापरी जमते. तिच्यावर अलगद चमचा ठेवला आणि तो बुडाला नाहीं म्हणजे साधलें असें समजतात.

मांसाहारी कुटुंबांतून मटणाला आल्याचें वाटण चोळून ठेवतात तेंही नुसत्या वासासाठीं नव्हे. हेंच झिंजिबेन मांसाचे तंतु सैल करतें. तास-दोन तास पुरे होतात. त्याहून फार वेळ ठेवल्यास वरचा थर पिठूळ होण्याची भीति असते.

आलें हातीं घेतल्यावर पहिली उधळपट्टी होते ती सोलण्यांत. सुवासिक तेलाच्या पेशी सालीच्या लगत दाट असतात. सुरीनें जाड साल काढली कीं तेल केराच्या टोपलींत गेलें. चमच्याच्या कडेनें खरवडल्यास पापुद्रा तेवढा निघतो. कोंवळ्या आल्यास तेंही नको, स्वच्छ धुतलें कीं झालें. आल्याचे तंतु त्याच्या लांबीच्या दिशेनें धांवतात. म्हणून आधीं आडव्या पातळ चकत्या कराव्या आणि मग त्या चकत्या बारीक चिराव्या. उभे काप केले तर कोशिंबीर खातांना दांतांत दोरे अडकतात आणि दोष काकडीला लागतो. किसणीवर तंतूंचा जो झुपका मागें राहतो तोही टाकूं नये. चहाच्या पाण्यासाठीं तो उत्तम.

रोजच्या भाजी-आमटींत आलें पडतें तें बहुधा फोडणींत. त्यांत अर्थ आहे. आल्याचीं तिखट द्रव्यें पाण्यापेक्षां तेलांत अधिक विरघळतात, त्यामुळें परतलेल्या आल्याचा गुण साऱ्या पदार्थांत सारखा पसरतो आणि कच्चेपणाचा झोंबरेपणा मावळतो. परंतु वाटण तेलांत पहिल्यांदांच ओतूं नये. वाटलेलें आलें तळाला चिकटतें, आणि बरोबर लसूण असेल तर ती करपून कडू होते. कांदा परतून झाल्यावर वाटण घालावें, आंच कमी करावी आणि चिकटूं लागल्यास पाण्याचा हबका मारावा.

असें केलें तरी एक उणीव राहते. फोडणींतील आलें अर्धा तास शिजलें म्हणजे त्याचा ताजा, लिंबासारखा वास निघून गेलेला असतो. मागें राहतो तो नुसता उबदार गोडवा. यावर अनुभवी हातांचा उपाय असा कीं, आल्याचे दोन वांटे करावे. मोठा वांटा फोडणींत घालावा आणि लहान वांटा कच्चाच बाजूला ठेवून, पदार्थ खालीं उतरवल्यावर किसून किंवा रस पिळून मिसळावा आणि वर झांकण ठेवावें. चार माणसांच्या आमटीला अंगठ्याच्या पेराएवढें आलें पुरतें. वाढवण्याची गरज नसते, वांटणी करण्याची असते. मुगाची आमटी आणि टोमॅटोचें सार या दोन पदार्थांवर हा प्रयोग अवश्य करून पाहावा. फरक पहिल्याच भुरक्याला कळतो. मठ्ठ्याला शिजवण्याचा प्रश्नच नाहीं. तेथें चोथा काढून टाकून नुसता रस घ्यावा, नाहीं तर पेल्याच्या तळाशीं काड्या सांपडतात. बटाटेवड्याच्या सारणांत तर आलें, मिरची आणि कोथिंबीर ठेचून निवालेल्या बटाट्यांत कच्चीच कालवणें अधिक बरें; वडा तळतांना त्याला आंतल्या वाफेंत जेवढें शिजावयाचें तेवढें तें शिजतेंच.

आल्याची खरी परीक्षा होते ती चातुर्मासांत. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत ज्या घरांतून कांदा-लसूण वर्ज्य असतात तेथें भाजी-आमटीचा सारा भार आल्यावर येऊन पडतो. ओलें खोबरें, आलें, हिरवी मिरची आणि जिरें एवढ्या चार जिनसांच्या वाटणावर चार महिने निभावून नेणाऱ्या गृहिणींनीं आल्याचा स्वभाव जितका जाणला आहे तितका तो इतरांना क्वचितच कळतो. उपासाच्या दिवशींही साबुदाण्याची खिचडी आणि दाण्याची आमटी यांना जो खमंगपणा येतो त्यांत आल्याचा वाटा मोठा. धर्माचे नियम कडकपणें पाळणाऱ्या जैन कुटुंबांतून ओलें आलें कंद म्हणून निषिद्ध असतें, सुंठ मात्र चालते; त्यामुळें त्यांच्या स्वयंपाकाचा सारा बेतच निराळ्या चवीवर उभा असतो.

तथापि आलें संपलें म्हणून कोशिंबिरींत सुंठ भुरभुरणें, किंवा सुंठ संपली म्हणून पुरणांत आलें किसणें, यासारखी दुसरी चूक नाहीं. पुरणाला सुंठ-जायफळाची कोरडी ऊब हवी असते. ओल्या आल्यानें पुरण सैल होईल आणि त्याला भाजीचा वास येईल. रामनवमी आणि गोकुळाष्टमीचा सुंठवडा आल्याचा होत नाहीं, तसाच आलेपाक सुंठीचा होत नाहीं. एस. टी.च्या थांब्यांवर ज्या आलेपाकाच्या वड्या विकावयास येतात त्यांत कधीं कधीं साखरच आल्यावर मात करते. घरीं केल्यास आल्याचा हात सढळ ठेवतां येतो.

बाजारांतील बाटलींतल्या आलें-लसणाच्या वाटणाविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. दिवसभर काम करून घरीं परतणाऱ्या माणसानें तें वापरलें तर त्याला नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. परंतु तें टिकावें म्हणून त्यांत मीठ आणि आम्ल घातलेलें असतें, लसणाचा वास आल्याच्या वासाला दडपून टाकतो, आणि सोमवारची उसळ व शुक्रवारचा रस्सा यांची चव एकच होऊन बसते. शेवटीं घालावयाच्या ताज्या आल्याची जागा तर त्यास कधींच घेतां येत नाहीं. वेळ वांचवावयाचाच असेल तर धुऊन पुसलेलें अख्खें आलें फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यांत ठेवावें. गोठलेलें आलें सालीसकट सहज किसलें जातें, तंतूही कमी आड येतात, आणि उरलेला तुकडा विरघळूं न देतां लगेच परत ठेवतां येतो.

खरेदीच्या वेळीं नवें आणि जुनें हा भेद ध्यानीं ठेवावा. महाराष्ट्रांत सातारा जिल्हा आल्यासाठीं प्रसिद्ध आहे. एप्रिल-मे महिन्यांत लावलेलें आलें आठ-नऊ महिन्यांनीं, पानें पिवळीं पडल्यावर, काढणीस येतें. भाव पडला असला तर कित्येक शेतकरी तें जमिनींतच राहूं देतात आणि पुढें जुनें आलें म्हणून काढतात. नव्याची साल पातळ, रस पुष्कळ आणि तिखटपणा बेताचा. तें लिंबू-मीठ लावून जेवणाबरोबर घ्यावयास किंवा कोशिंबिरीला चांगलें. जुन्यांत तंतु आणि तिखटपणा दोन्ही अधिक; तें चहाला व वाटणाला योग्य. चांगलें आलें हातांत जड लागतें आणि कडकन् मोडतें. मोडल्यावर आंत निळसर कडें दिसलें तर घाबरून टाकून देऊं नये, कांहीं जातींचा तो मूळचाच रंग आहे. बुरशी धरलेलें मात्र तेवढाच भाग कापून वापरण्याच्या मोहांत न पडतां फेकून द्यावें.

ताज्या आल्यांत शेंकडा ८० च्या आसपास पाणीच असतें, म्हणून तें उघड्यावर सुरकुततें आणि ओल्या पिशवींत बुरसतें. पूर्वीं तें कुंडींतील ओलसर वाळूंत पुरून ठेवीत. आजच्या घरांतून कोरडें करून, कागदांत गुंडाळून फ्रिजमध्यें ठेवणें सोयीचें पडतें. एखाद्या तुकड्याला डोळा फुटलेला दिसल्यास तो उन्हाळ्याच्या अखेरीस, डोळा वर करून, कुंडींत दोन बोटें मातीखालीं लावावा. कुंडीच्या तळाला भोंक असावें, कारण पाणी सांठलें कीं कंद कुजतो. पावसाळाभर हिरवीं पानें येतात. तीं चुरगाळल्यास त्यांनाही आल्याचा मंद वास असतो. हिंवाळ्यांत पानें पिवळीं पडूं लागलीं म्हणजे कडेची माती हळूच बाजूला सारावी, लागेल तेवढा तुकडा मोडून घ्यावा आणि बाकीचा कंद पुन्हां झांकून ठेवावा.