नवारपट्टीची पायशिडी

1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. शिकारीसाठी वापरलं जाणारं मचाण मात्र आजही उपयोगात आहे: बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरची प्राणिगणना त्यावरूनच होते. मचाणावर चढण्यासाठी नवारपट्टीची ही पायशिडी घरी बनवता येते.

धागा : चादरी-टॉवेलांसाठी वापरलं जाणारं सुती सूत इथे नको. नायलॉन किंवा पॉलिएस्टरची, 25 मिमी रुंदीची पट्टी घ्या. नायलॉन ताणतं आणि भिजल्यावर कमजोर होतं. पॉलिएस्टर कमी ताणतं.

माप : 4 पायऱ्यांना साधारण 4.5 मीटर पट्टी. दोन पायऱ्यांत 40 सेंमी अंतर.

बांधणी : पट्टी दुमडून दोन्ही पदरांना मिळून गाठी मारा. प्रत्येक पायरीत एक पदर दुसऱ्यापेक्षा 5 सेंमी जास्त लांब ठेवा, म्हणजे ती उघडी राहते. टोकं पट्टीगाठीने (वॉटर नॉट) जोडा. शेपट्या किमान 8 सेंमी. ही गाठ हळूहळू सरकते, दर वेळी तपासा.

सुरक्षा : पायशिडी फक्त पाय टेकवण्यासाठी. शरीराचा भार पेलायला प्रमाणित हार्नेस आणि बुंध्याला दोर हवाच. वाळलेल्या फांदीला काही बांधू नका. उन्हाने विटलेली, कडा उसवलेली पट्टी लगेच बाद करा.