घरच्या घरी दाढी, गळा लाल न करता

आजचा विषय एकदम घरगुती आहे. दाढी. ट्रिमरने नाही, सलूनमध्ये नाही, तर आपल्या बेसिनसमोर उभं राहून पाणी, फेस आणि ब्लेड घेऊन केलेली दाढी. ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही त्यांच्यासाठी नेहमीसारखा अख्खा भाग इथे लिहून देतोय. माझे 'अं... म्हणजे...' तेवढे गाळलेत.

तुमच्याकडून येणाऱ्या मेसेजमध्ये एक तक्रार सारखी असते. दाढी केली की गळ्यावर लाल पुरळ येतं, दोन दिवसांनी बारीक फोड येतात, आणि नेमकी त्याच दिवशी मुलाखत असते. शर्टाची कॉलर घासली की आग आग. आणि पुढचा प्रश्न ठरलेला: 'दादा, कुठला रेझर घेऊ?'

रेझरचं नंतर बघू. आधी पाणी.

दाढीचा कोरडा केस चांगलाच राठ असतो. तोच केस कोमट पाण्यात दोन-तीन मिनिटं भिजला की पाणी शोषून फुगतो, मऊ होतो आणि कापायला कितीतरी कमी जोर लागतो. म्हणून दाढीची सगळ्यात चांगली वेळ म्हणजे आंघोळ झाल्यावर लगेच. सकाळी घाई असेल तर कोमट पाण्यात बुडवलेला नॅपकिन चेहऱ्यावर धरा, मोबाइलवर एक गाणं अर्धं होईपर्यंत. सलूनवाले काका फेस लावून मधेच दुसऱ्याशी गप्पा मारायला लागतात ना, तेव्हा आपल्याला वाटतं की टाइमपास चाललाय. पण तेवढ्या वेळात केस भिजत असतो.

मग फेस. डब्यातून फुस्स करून निघणारा फोम वाईट नाही, पण तो केसांच्या वर टोपीसारखा बसतो. ट्यूबमधलं साधं क्रीम आणि ब्रश हे माझ्या मते जास्त कामाचं, आणि स्वस्तही. बदामाएवढं क्रीम पुरतं. ब्रश ओला करून थोडा झटका, गालावर गोल गोल फिरवा, कोरडं वाटलं की ब्रशची टोकं पाण्यात बुडवा. ब्रश केस उभे करतो आणि पाणी मुळापर्यंत नेतो. फेस चकचकीत, दह्यासारखा दिसला पाहिजे. साबणाच्या बुडबुड्यांसारखा हलका दिसत असेल तर पाणी जास्त झालंय. बोअरवेलच्या जड पाण्यात फेस लवकर बसतो, तिथे क्रीम जरा जास्त घ्या.

आता मुख्य गोष्ट, दिशा. मेसेजमधल्या निम्म्या तक्रारी इथे सुटतील असं मला वाटतं. दोन दिवस दाढी वाढू द्या आणि चेहऱ्यावर बोटं फिरवा. जिकडे फिरवल्यावर गुळगुळीत लागतं ती केसांच्या वाढीची दिशा, जिकडे खरखरीत लागतं ती उलटी. गालावर बहुतेकांचे केस खाली वाढतात. गळ्यावर मात्र कारभार वेगळा. कुणाचे वर, कुणाचे आडवे, कुणाचा कानाखाली चक्क भोवरा. आपण मात्र सगळीकडे सवयीने एकच दिशा पकडतो आणि गळ्यावर पहिल्याच फेरीत उलटं ब्लेड चालवतो. पुरळ तिथेच येतं, बघा.

पहिली फेरी केसांच्या दिशेने. हात छोटे छोटे मारा, दर एक-दोन हातांनी ब्लेड धुवा आणि दाबू नका. परत सांगतो, दाबू नका. रेझरचं वजन पुरतं. दाबावं लागत असेल तर एकतर केस भिजलेला नाही किंवा ब्लेड संपलंय. मुलाखत, लग्न असं काही असेल आणि अजून गुळगुळीत हवं असेल, तर पुन्हा फेस लावून दुसरी फेरी आडवी मारा. फेस न लावता 'इथे जरा राहिलंय' म्हणून कोरड्या त्वचेवर चार वेळा रेझर फिरवणं, हे सगळ्यात वाईट. उलटी फेरी ज्यांना काही त्रास होत नाही त्यांनीच मारावी.

कारण उलट कापलेला केस त्वचेच्या पातळीच्याही खाली तुटू शकतो. एकात तीन-चार-पाच पाती असलेल्या रेझरमध्ये तर पहिलं पातं केस ओढून धरतं, पुढचं कापतं आणि उरलेला खुंट आत सरकतो. केस कुरळा असेल तर वाढताना तो बाहेर न येता आतच वळतो, त्वचेत घुसतो आणि त्याचा फोड होतो. तो चिमट्याने उकरू नका, डाग राहतात. काही दिवस दाढी थांबवा. वारंवार होत असेल तर ट्रिमरने मिलिमीटरभर खुंट ठेवणं हा अगदी सन्मानाचा उपाय आहे. पू, दुखणं असलं तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जा.

हं, आता रेझर. एक किस्सा सांगतो. जिलेटने 2002 मध्ये भारतासाठी एक रेझर आणला होता. त्याची चाचणी घेतली अमेरिकेत, एमआयटीमध्ये शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांवर. त्यांना आवडला. इथे मात्र पात्यांमध्ये केस अडकायला लागले. का? तिकडे विद्यार्थी नळाच्या वाहत्या पाण्याखाली रेझर धुवायचे, इकडे लोक दाढी करायचे समोर वाटीभर पाणी ठेवून! नंतर कंपनीने इथल्या लोकांच्या घरी जाऊन दाढी कशी करतात ते बघितलं आणि 2010 मध्ये एकाच पात्याचा, 15 रुपयांचा रेझर काढला. तर हॉस्टेलवर मगमध्ये पाणी घेऊन दाढी करणाऱ्यांनी पाच पात्यांच्या मागे लागू नये. एक किंवा दोन पाती, धुवायला सोपी. जुन्या पद्धतीचा, पत्ती घालायचा रेझरही मस्त, पत्ती काही रुपयांत येते. फक्त त्यात कोन आपल्याला सांभाळावा लागतो, साधारण 30 अंश. दांडा त्वचेपासून जरा लांब ठेवा, पहिले आठ दिवस सावकाश.

ब्लेड कधी बदलायचं? अमेरिकेतली त्वचारोगतज्ज्ञांची संघटना पाच ते सात दाढ्यांनंतर बदला म्हणते. दाट, राठ दाढी असेल तर त्याआधीच. केस ओढला जातोय असं वाटलं की संपलं. गंमत म्हणजे केस पोलादापेक्षा सुमारे 50 पट मऊ असतो, तरी पोलादाची धार त्याने जाते. 2020 मध्ये एमआयटीच्याच संशोधकांनी हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. केस तिरका आला आणि धारेच्या नेमक्या कमजोर जागी लागला तर पोलादाचा बारीकसा टवका उडतो. धार नुसती घासून जात नाही, तुटते.

दाढी झाली की गार पाणी, आणि टॉवेलने टिपा, घासू नका. तुरटी? चालेल की. तुरटीने बारीक कापलेल्या जागचं रक्त थांबतं. ओल्या चेहऱ्यावर हलकी फिरवा, मिनिटभराने धुऊन टाका, नाहीतर त्वचा कोरडी पडते. मग बिनवासाचं मॉइश्चरायझर. झणझणीत आफ्टरशेव्हची मला काही गरज वाटत नाही. झोंबतंय म्हणजे काम करतंय, हा सिनेमातला समज.

आणि दाढी केल्याने केस जाड होतात का? नाही. हे 1928 मध्येच तपासून झालंय. कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं म्हणून तो राठ लागतो, एवढंच.

रूममेटचा रेझर मात्र वापरू नका, कितीही जिगरी दोस्त असला तरी. न दिसणाऱ्या रक्तातूनही हिपॅटायटिस बी आणि सी पसरू शकतात. सलूनमध्येही पत्ती डोळ्यांसमोर नवी लावून घ्या. काका चिडत नाहीत.

वापरलेली पत्ती नुसती कचऱ्यात टाकू नका, कचरा हाताने वेगळा करणाऱ्या ताईंच्या बोटाला लागते. एखादा जुना पत्र्याचा डबा घ्या, झाकणाला चीर पाडा, त्यात टाकत राहा. भरायला वर्षं लागतात. भरला की चिकटपट्टीने बंद करा, वर 'ब्लेड' असं मोठ्या अक्षरात लिहा आणि कचरा घ्यायला येणाऱ्यांच्या हातात सांगून द्या.