लॅपटॉपचा पंखा : योग्य जोड कसा शोधावा

दक्षिण दिल्लीत, झाशीच्या राणीचे नाव धारण करणारी लक्ष्मीबाई नगर ही सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत आहे. मे-जून महिन्यांत येथे पारा कित्येकदा ४५ अंश सेल्सिअसच्या घरात जातो आणि ‘लू’ नावाचा उष्ण वारा घरोघर बारीक धूळ पोहोचवितो. अशा दुपारी एखाद्या घरातील लॅपटॉप घरघरतो, मंदावतो आणि अखेर आपोआप बंद पडतो. यंत्र निकामी झाले असे समजून नव्याची तजवीज सुरू होते. वस्तुतः दोष पुष्कळदा तळहाताहून लहान अशा एका पंख्यात असतो.

या पंख्याचे कार्य काय? प्रक्रियकाला लागून तांब्याची एक बंद नळी असते. तिच्यातील अत्यल्प द्रव उष्णतेने वाफ होऊन दुसऱ्या टोकाकडे जातो, तेथे पातळ धातुपट्ट्यांना उष्णता देऊन पुन्हा द्रवरूप होतो आणि नळीच्या सच्छिद्र अस्तरातून परततो. पंखा मध्यभागातून हवा ओढून ती कडेने या पट्ट्यांवर फेकतो. पंखा थांबला की उष्णता तेथेच साचते. तापमान सुमारे १०० अंशांपर्यंत चढले, की प्रक्रियक स्वसंरक्षणार्थ आपली गती घटवितो.

प्रथम विद्युत्पुरवठा व बॅटरी तोडून धूळ काढून पाहावी. तरीही घरघर राहिली, तर धारवा झिजला असे समजावे व पंखा बदलावा.

येथे एक सामान्य चूक होते. केवळ लॅपटॉपचे नाव सांगून पंखा मागविला जातो. परंतु एकाच नावाच्या यंत्रांत निरनिराळे पंखे असू शकतात. म्हणून जुन्या पंख्यावरील चिकटपट्टीचा क्रमांक हाच खरा आधार होय. किल्ली करावयास जाताना आपण जुनी किल्ली बरोबर नेतो, तद्वत नेहरू प्लेसच्या संगणक बाजारात जाताना जुना पंखा सोबत न्यावा.

क्रमांक जुळला नाही, तर चार गोष्टी पडताळाव्यात. पहिली, विद्युत्दाब : बहुतेक पंखे ५ व्होल्टचे, तर काही १२ व्होल्टचे असतात. दुसरी, प्रवाह : तो जुन्याहून फार अधिक नसावा. तिसरी, आकार : जाडी, स्क्रूंची छिद्रे व हवा बाहेर पडण्याची दिशा. चौथी, तारा. चार तारांपैकी दोन विद्युत्पुरवठ्याच्या, एक वेगनियंत्रणाची आणि एक वेग कळविणारी असते. ही शेवटची तार सामान्यतः प्रत्येक फेऱ्यास दोन स्पंद पाठविते. म्हणजे मिनिटाला ४००० फेरे होत असता सेकंदाला सुमारे १३३ स्पंद. ते न मिळाल्यास पंखा फिरत असूनही यंत्र सुरू होण्यास नकार देऊ शकते. जोडणी सहज बसली, तरी तारांचा क्रम निराळा असू शकतो. चुकीचा क्रम मुख्य पट्टच जाळू शकेल. तारांच्या रंगांवर विसंबू नये.

नळी उचलली असल्यास प्रक्रियकावरील उष्णतावाहक लेप नव्याने लावणे आवश्यक आहे.

ग्राहकास आपली वस्तू दुरुस्त करून घेता यावी, यासाठी केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा अधिकार’ संकेतस्थळ सुरू केले. मात्र अधिकारास ज्ञानाची जोड हवी. एका क्षुद्र पंख्यासाठी धडधाकट यंत्र भंगारात जाणे, हे कुटुंबाचे आणि समाजाचेही नुकसान होय.