कांद्याचा भाव आणि कारणांचा शोध : उपयोजित अर्थमितीची ओळख

बंगळुरूतील राजाजीनगरला लागूनच यशवंतपूर आहे. येथील बाजार समिती कांदा-बटाट्याच्या घाऊक व्यापारासाठी प्रसिद्ध असून महाराष्ट्रातील कांदाही येथे विक्रीस येतो. या बाजारातील आवक आणि भाव यांच्या रोजच्या नोंदींवरून भाव का बदलला, हे सांगता येईल काय? कृषी व पर्यावरण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शिकवली जाणारी उपयोजित अर्थमिती अशाच प्रश्नांची उत्तरे शोधते.

आवक आणि भाव : कारण कोणते?

आवक वाढली की भाव उतरतो, हा सर्वांचा अनुभव आहे. परंतु भाव चढला की शेतकरी व व्यापारी साठवलेला माल बाहेर काढतात आणि आवकही वाढते. दोन्ही गोष्टी एकमेकींवर परिणाम करीत असल्याने केवळ आकड्यांची सांगड घातल्यास चुकीचा निष्कर्ष निघू शकतो. समाश्रयण, म्हणजेच रिग्रेशन, हे गणित संगणक क्षणात करून देतो; त्याचा अर्थ लावणे हे खरे शिक्षण होय.

या अडचणीवरील उपायाचा उगम शेतमालाच्या अभ्यासातच आहे. अमेरिकी अर्थतज्ज्ञ फिलिप राइट यांनी 1928 मध्ये लोणी व जवस यांच्या मागणी-पुरवठ्याचा अभ्यास करताना साधन चलाची पद्धत मांडली. केवळ पुरवठ्यावर परिणाम करणारा बाह्य घटक सापडल्यास त्याच्या आधारे ग्राहकांचा प्रतिसाद मोजता येतो, हे तिचे सूत्र आहे.

सोलापूर किंवा नाशिककडे अवकाळी पाऊस झाल्यास बंगळुरूतील आवक घटते, पण राजाजीनगरमधील ग्राहकाची गरज त्यामुळे बदलत नाही. म्हणून उत्पादक जिल्ह्यांतील पाऊस साधन चल ठरू शकतो. राजाजीनगरमधील पाऊस मात्र चालणार नाही, कारण त्या दिवशी ग्राहकच बाजारात कमी येतात. शिवाय भिजलेल्या कांद्याचा दर्जा घसरून भाव पडतो. त्यामुळे प्रतवारीची नोंदही आवश्यक असते.

प्रात्यक्षिकाचे खरे यश

विस्तार कार्यकर्त्यांसमोर अशीच अडचण येते. ठिबक सिंचन बसविणाऱ्या शेतकऱ्याकडे बहुधा विहीर, भांडवल आणि माहिती आधीपासूनच अधिक असते. समजा, ठिबक घेतलेल्यांचे सरासरी उत्पादन एकरी 8 टनांवरून 11 टनांवर गेले आणि न घेतलेल्यांचे त्याच काळात 6 वरून 8 टनांवर गेले. अखेरच्या वर्षाची तुलना केल्यास ठिबकाचा लाभ 3 टन दिसतो. प्रत्यक्षात एका गटात 3 टन, तर दुसऱ्यात 2 टन वाढ झाली. म्हणजे ठिबकाचा वाटा 1 टनच. ठिबक नसते तर दोन्ही गटांत सारखीच वाढ झाली असती, हे मात्र येथे गृहीत आहे. लाभ फुगवून सांगितला, तर त्या भरवशावर कर्ज काढणारा शेतकरी अडचणीत येतो.

भूजल उपसा, वीज अनुदान, खतांचा वापर व जमिनीचा कस या पर्यावरणीय प्रश्नांनाही हीच तर्कपद्धती लागू पडते.

अभ्यासाची केंद्रे

बंगळुरूमध्ये 1964 मध्ये स्थापन झालेले कृषी विज्ञान विद्यापीठ आणि नागरभावी येथील 1972 पासूनची सामाजिक व आर्थिक परिवर्तन संस्था येथे कृषी अर्थशास्त्राचे अध्ययन व संशोधन चालते. महाराष्ट्रात पुण्याच्या गोखले संस्थेला 1930 पासूनची परंपरा आहे. धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली या संस्थेने गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या आर्थिक लाभांची पाहणी केली; तिचा अहवाल 1948 मध्ये प्रसिद्ध झाला.

क्षेत्रीय नोंदींचे महत्त्व

कोणतीही पद्धत नोंदींइतकीच विश्वासार्ह असते. म्हणून प्रात्यक्षिकापूर्वीचे उत्पादन, सहभागी न झालेल्या शेजारच्या शेतांचे उत्पादन, खर्च, पाऊस आणि मालाची प्रत या पाच बाबी तारखेसह लिहून ठेवाव्यात. ‘हे तंत्र वापरले नसते तर काय झाले असते?’ या प्रश्नाचे उत्तर अशा नोंदवहीतूनच मिळू शकते.